पांढऱ्या ॲप्रनवरच्या अकरा गाठी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून लोकांना वाटतं की हिला काहीही सांगितलं तरी पटेल. तसं नाही. सासरी नवीन होते तेव्हा गावामागच्या चिंचेखाली एकही बाई जात नव्हती. तिथं कुणी बाळंतीण मेली होती म्हणे. मी भर दुपारी गेले, ओटीभर चिंचा वेचून आणल्या आणि वर्षभर त्याच आमटीत घातल्या. कुणाला काही झालं नाही. सासूबाई तर दोनदा वाढून घ्यायच्या. आंघोळ झाली की गळ्यातल्या लिंगाची पूजा, मग चहा, एवढाच माझा देवधर्म. अंगात येणं, उतरवून टाकणं, लिंबू-मिरची... या वाटेला मी कधी गेले नाही आणि आजही जात नाही.

तरी हे लिहायला बसले आहे.

माझी लेक वैजू मोबाईलवर लोकांचे असले अनुभव वाचते, मला वाचून दाखवते आणि हसते. ती म्हणते, तू पण लिही. मी तिथं लिहिणार नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही, पाहुणे आले तर मी चहा दारामागून देते. पण तिच्या पहिल्या वर्षाच्या जर्नलची मागची पानं कोरी आहेत, त्यात लिहून ठेवते. उद्या कुणाच्या हाती पडलं आणि हसू आलं, तर खुशाल हसावं. यातला एक शब्द मी मागं घेणार नाही.

आमचं गाव उदगीरजवळ. मालकांचं गावात किराणा दुकान. वैजू नांदेडला एमबीबीएस करत होती. साडेचार वर्षं हॉस्टेलवर राहिली, शेवटची परीक्षा पास झाली, आता इंटर्नशिपचं एक वर्ष तेवढं राहिलं होतं. हे वर्ष सरकारी दवाखान्यात काम करून काढायचं असतं. ते पुरं झालं तरच नावामागं डॉक्टर लागतं, नाहीतर आधीची सगळी वर्षं वाया. नेमकी त्याच वेळी तिला कावीळ झाली. मेसचं जेवण बंद करा म्हणाले. म्हणून मी सामान घेऊन नांदेडला आले आणि आम्ही इतवारा भागाच्या बाजूला एका जुन्या घराच्या माडीवर खोली घेतली.

घरमालकीण म्हणजे खाला. सगळी गल्ली तिला खालाच म्हणते. साठीच्या पुढची, तोंडात पान, आणि दिवसातून दहा वेळा जिना चढून यायची. पहिल्या महिन्यात मी खोलीतून खाली उतरलेच नाही. तिनंच एक दिवस हाताला धरून बाहेर काढलं. "भाभी, नांदेड में आके घर में बैठे तो क्या देखा तुमने?" म्हणाली. मला गुरुद्वाऱ्याला नेलं, लंगरमध्ये पंगतीत बसवलं. माझ्या एका बाजूला पंजाबहून आलेली उंचीपुरी म्हातारी, दुसऱ्या बाजूला कॉलेजच्या पोरी. कुणी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, ताटात रोटी पडली. एवढ्या माणसांत मला भीती वाटली नाही, हे पहिल्यांदाच झालं. नंतर मी एकटी जायला लागले. नदीच्या (इकडं तिला गंगाच म्हणतात) घाटापर्यंत जायचे, फुलांची दुकानं, कडेच्या दुकानात टांगलेल्या कृपाणी, भगव्या-निळ्या पगड्या बघत यायचे. माझ्या माडीच्या खिडकीत बसलं की एका कानाला कीर्तन आणि दुसऱ्या कानाला मशिदीची अजान ऐकू यायची. मधल्या रस्त्यावर रिक्षांची कटकट, ती वेगळीच.

दिवसभर एकटीनं काय करायचं? मी वाकळ शिवायला घेतली.

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. माझी आई गावभरच्या वाकळा शिवायची, तिनं मला शिकवलं आणि मी वैजूला. आमच्या आईचा एक नियम होता. कडेनं सुरुवात करायची, फिरत फिरत आत यायचं, दोरा अखंड. दोरा संपला तर नव्या दोऱ्याचं टोक कापडाच्या थरात लपवायचं. वर गाठ दिसता कामा नये. "गाठ झोपणाऱ्याला टोचते," आई म्हणायची. तिनं माझ्या हातावर मारून मारून हा नियम घालून दिला. चाळीस वर्षांत माझ्या वाकळीवर एक गाठ दिसलेली नाही. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

ही वाकळ माझ्या दोन लुगड्यांची होती. मधोमध मी वैजूचा पहिल्या वर्षाचा पांढरा ॲप्रन उसवून लावला होता. त्याच्यावर पिवळे डाग होते, ती म्हणाली फेकून दे. मी नाही फेकला. तो ॲप्रन घालून ती पहिल्यांदा गावात आली तेव्हा मालकांनी दुकानासमोर उभं करून फोटो काढला होता.

आता मूळ गोष्ट.

एका सोमवारी वैजू चारच्या सुमारास घरी आली ती बूट न काढता भिंतीला टेकून बसली. मी पाणी दिलं. ती घेईना.

"आई, मी सोडून राहिले हे."

"काय सोडून राहिली?"

"सगळंच."

मग हुंदके देत देत सांगितलं. अपघात विभागात तिची ड्युटी होती. एका माणसाच्या पिंढरीला पत्रा लागला होता. वरच्या सरांनी तिला टाके घालायला सांगितलं. चार वर्षं जे शिकली ते तिला येत होतं, पण सर पाठीमागं उभे राहिले आणि हात घाबरला. हात घाबरला की तो जुन्या वाटेनं जातो. लहानपणी माझ्या मांडीला मांडी लावून शिकली होती तीच वाट. तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दोरा ओढत नेला आणि शेवटी ताणून घेतला.

सर म्हणाले, "मॅडम, वाकळ शिवून राहिल्या का? कुणी शिकवलं हे?"

आणि ही घाबरून म्हणाली, "आईनं."

सगळे हसले. पेशंटसुद्धा हसला म्हणे, पाय तसा उघडा असताना. मळकी जखम होती, तिथं प्रत्येक टाका वेगळा घालून वेगळा बांधायचा असतो. एखादा पिकला तर तेवढाच काढता यावा म्हणून. सरांनी सगळा दोरा कापून काढला आणि दुसऱ्याकडून परत घालून घेतला. ड्युटी संपेपर्यंत हिचं नाव पडलं, वाकळ मॅडम.

माझ्या समोर ती मोठी मांडलेली वाकळ, आणि माझी पोर तिच्याकडं बघायला तयार नाही.

तिनं तिथंच फोन लावला. "अप्पा, मला घेऊन जा."

मालक तर वाटच बघून राहिले होते. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान असलेल्या घरचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर आमच्यातलंच, पण सुनेनं नोकरी करायची नाही आणि लग्न लगेच पाहिजे. मालक म्हणाले, "रविवारी येतो. सामान बांधून ठेवा." मला विचारलं नाही. मला विचारायची पद्धत आमच्याकडं नव्हतीच, आणि खोटं कशाला बोलू, मीही कधी विचारा म्हटलं नव्हतं.

रविवारपर्यंत तरी जाऊन ये, असं मी तिला म्हटलं. ती जात राहिली. खाली मान घालून जायची, खाली मान घालून यायची.

गुरुवारी ती सकाळीच गेली. मी भाकरी केल्या, भांडी घासली, खिडकीत वाकळ घेऊन बसले. कडा झाल्या होत्या, फिरत फिरत ॲप्रनपाशी आले होते. लाल दोरा संपला होता. खालानं तिच्या बुरख्याच्या शिलाईचं काळं रीळ दिलं होतं, तेच सुईत ओवलं. बाहेर कीर्तन चालू होतं. दुपारची अजान सुरू झाली, एवढं मला पक्कं आठवतं. मी पदर नीट केला आणि सुई ॲप्रनमध्ये घातली.

त्यानंतरचं आठवत नाही.

झोप लागली नव्हती. झोपेतून उठल्यावर तोंडाला चव येते, अंग जड होतं, तसं काही नव्हतं. एकदम खालाचा आवाज कानात शिरला आणि तिनं माझा खांदा हलवला.

"भाभी! कबसे आवाज दे रई मैं! तीन बार बुलाई. तुमने ऊपर देखाच नै."

मी म्हटलं, "शिवून राहिले होते."

"शिव रई थी सो दिखा मेरेकू. पर ये कैसा शिवना?" ती माझ्या मांडीकडं बघत होती. "धागा सुई कू लपेट रई, गाठ मार रई, काट रई. फिर लपेट रई. ऐसे हात चल रे थे जैसे तुम्हारे नैच."

मी खाली बघितलं.

पांढऱ्या ॲप्रनवर काळ्या दोऱ्याच्या गाठी होत्या. एका ओळीत, बोटभर अंतरही नाही, सगळ्या सारख्या. प्रत्येक टाका वेगळा, प्रत्येकाची गाठ एकाच बाजूला, दोन्ही टोकं सारखी कापलेली. मी मोजल्या. अकरा. आणि ओळीच्या सुरुवातीला, पहिल्या गाठीच्या जरा अलीकडं, सुईची दोन भोकं होती, रिकामी. तिथं टाका घालून परत काढलेला दिसत होता. कापलेल्या काळ्या दोऱ्याचा तुकडा माझ्या मांडीवर पडला होता.

माझ्या हातांनी हे होणं शक्य नाही. मी परत परत तेच सांगेन. गाठ वर ठेवणं माझ्या हाताला माहीतच नाही.

खाला पुटपुटत काही म्हणाली आणि माझ्यावर फुंकर घातली. "किसी कू दिखाना पडता भाभी."

"काही दाखवायचं नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. वाकळ गुंडाळली आणि ट्रंकेमागं सारली. घाबरले होते, हे कबूल करते. पण फुंकर घालून घेण्याइतकी घाबरले नव्हते.

वैजू संध्याकाळी आली. बूट काढले, हात धुतले, पुन्हा धुतले. मग माझ्यासमोर बसली. रडलेली नव्हती. चेहरा कसातरीच होता, दुसऱ्याचं काहीतरी चुकून घरी घेऊन आल्यासारखा.

"आई, आज मी अकरा टाके घातले."

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

मुदखेडच्या रस्त्यावर जीप उलटली होती. एकदम दहा-बारा माणसं आली. सगळे डॉक्टर मोठ्या जखमांकडं धावले, आणि एका म्हातारीचा हात मनगटाच्या वर अर्धी वीत फाटलेला, तो हिच्याकडं आला. हिनं सरांना सांगितलं, मला जमणार नाही. सर म्हणाले, "मग कोण घालणार, मी काय चार हातांचा आहे?" आणि निघून गेले.

"मग?"

"मग मी सुई घेतली. आणि आई... कुणीतरी माझा हात धरला."

"कुणी?"

"कुणीच नव्हतं तिथं. पण मधल्या बोटाला घट्टा लागला. सुईचा घट्टा. इथं." तिनं माझं मधलं बोट धरलं, चाळीस वर्षांच्या सुईनं दगड झालेलं, आणि त्यावर अंगठा फिरवला. "हा."

किती वाजले होते, मी विचारलं. ती म्हणाली, रजिस्टरमध्ये दीड लिहिलाय. आमच्या गल्लीतली दुपारची अजान त्याच सुमाराला होते.

मला ती दोन रिकामी भोकं आठवली. मी म्हटलं, "वैजू, पहिला टाका काढलास का गं?"

तिनं माझं बोट सोडलं.

"एक घातला आणि काढला. खरं सांग."

"तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "आई, ते कुणालाच माहीत नाही. कडेच्या फार जवळ घातला होता, कापून परत घातला. कुणी बघितलं नाही. त्या म्हातारीलासुद्धा कळलं नाही, हात बधिर केला होता. तुला कसं..."

मी ट्रंकेमागून वाकळ काढली आणि तिच्यासमोर पसरली.

आधी तिनं गाठी मोजल्या. मग डॉक्टर झाली. गाठी उजेडात धरून बघितल्या, बोटांनी ओढून बघितल्या. म्हणाली, तू मला खुर्चीच्या पायाला दोरा बांधून गाठींचा सराव करताना बघितलं असशील. बघितलं होतं, हो. दोनदा, आल्या आल्या. मनात राहिलं असेल, म्हणाली, आणि माझ्या काळजीत असताना हातांनी आपोआप केलं असेल. असं होतं म्हणे. त्याला काहीतरी नाव पण आहे.

मी म्हटलं, "आणि काढलेला टाका?"

त्याला तिच्याकडं नाव नव्हतं.

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"आले, बघितलं, कुणी घातले विचारलं. मी म्हटलं, मी. 'हं' म्हणाले. पुढचा पेशंट घे म्हणाले." आणि ती त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. "आई, मी अजून तीन जणांना घातले. ते माझे मी घातले."

रविवारी मालक आले. एसटीनं आले, दमलेले होते, पण खूश होते. जिन्यातच खाला भेटली. तिच्या पोटात काही राहत नाही, तिनं सगळं सांगितलं. वर येईपर्यंत मालकांचा चेहरा उतरला होता.

"कुठं हाय ती वाकळ?"

मी दाखवली.

"अंगात यायला लागलं आता? या वयात?" ते दार लावून हळू आवाजात बोलायला लागले, भिंतीला कान असल्यासारखे. "लोकाला कळलं तर पोरीचं लग्न हुईल का? त्या घरला काय सांगू मी, सासू झपाटलेली हाय म्हणून? आण इकडं. जाता जाता गंगेत सोडतो. अन् सामान बांध."

वाकळीचं टोक त्यांनी धरलं. वैजू मोरीच्या दारात उभी होती. सहा दिवसांपूर्वी तिनंच बोलावलं होतं त्यांना, त्यामुळं तिला तोंड उघडता येईना. ती माझ्याकडं बघत होती.

मी वाकळीवर बसले.

ठरवून नाही बसले. मांडी घालून, बरोबर त्या ॲप्रनवर बसले. सव्वीस वर्षांच्या संसारात मी मालकांच्या समोर खाली बसलेली बाई आहे, पण वाटेत बसलेली नाही.

"ऊठ," ते म्हणाले.

"न्हाई."

"काय?"

"उठत न्हाई. अन् वैजू बी येत न्हाई. तिचं वर्ष हुऊ द्या."

"अगं, तिनंच फोन केला होता! विचार तिला!"

"ती तवा रडून राहिली होती. आता रडून राहिली का? बघा की तिकडं."

ते तिच्याकडं वळले. वैजू म्हणाली, "अप्पा, मला दोन वाजता ड्युटी आहे." एवढंच.

मालक खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "अन् हे भूताचं काय?"

"भूत न्हाई ते. मी हाय," मी म्हटलं. "मला अंगारा नको, फकीर नको, महाराज नको. माझ्या लेकीच्या हाताला माझा हात लागला, त्यात उतरवून टाकण्यासारखं काय हाय?"

हे वाक्य मी कसं बोलले हे गाठींइतकंच मला कळलेलं नाही. पण ते मात्र मला पूर्ण आठवतं. मालक जेवले, दोनची एसटी चुकली, चारच्या गाडीनं एकटे गेले. स्थळवाल्यांना काय सांगितलं ते मी आजवर विचारलं नाही.

वैजूचं वर्ष पुरं झालं. वाकळ मॅडम हे नाव शेवटपर्यंत राहिलं, पण पुढं पुढं नवीन आलेली पोरं गाठ शिकायला तिच्याकडंच यायची. आता ती लातूरला एका दवाखान्यात आहे, पुढच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. मीही इथं तिच्याजवळच आहे.

त्या दिवसानंतर असं परत कधी झालं नाही. मी करून बघितलं. तीच सुई, काळा दोरा, दुपारची वेळ. काही नाही. वैजूनं मला ती गाठ चार वेळा शिकवली, हात धरून शिकवली. मला येत नाही. दोरा गुंडाळते, ओढते आणि सुटून जातो. माझ्या हाताला ती गाठ माहीत नाही. त्या एका दुपारी माहीत होती.

माझा हात तिच्याकडं गेला, की तिचा हात माझ्याकडं आला? काढलेल्या टाक्याची ती दोन भोकं माझ्या कापडावर कुठून आली? हे मला डॉक्टर लेकीनं सांगितलेलं नाही, खालानं ज्याला विचारलं त्या मौलवीनं सांगितलेलं नाही. ज्यांना सगळं कळतं त्यांनी सांगावं. मी ऐकून घेईन, पण मान डोलावणार नाही.

वाकळ मी नंतर पुरी केली, लाल दोऱ्यानं, आईच्या नियमानं, अखंड. ॲप्रनवरच्या गाठी मात्र उसवल्या नाहीत. वैजू तीच दुमडून डोक्याखाली घेते. परवा सकाळी उठली तर गालावर एका ओळीत वळ उठले होते. मी म्हटलं, आण, उलटी करून शिवते, गाठी खाली जातील.

ती म्हणाली, "टोचू दे."